दुरुस्तीचा बाक : सेल नवे, तरी मधली होडी गायब

वाचकांचे प्रश्न, आणि बेळगावात शहापूरला घड्याळं-कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, स. न. वि. वि. मी निपाणीचा. गेल्या उन्हाळ्यात म्हापशाजवळ एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथं मला निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘गेम अँड वॉच’ मिळाला, म्हणजे हातात मावणारा खेळ आणि घड्याळ एकातच. खेळ ‘पॅराशूट’ (हेलिकॉप्टरमधून उड्या मारणाऱ्यांना होडीत झेलायचं), मॉडेल पीआर-२१. त्या घरातलं कुणीतरी आखातात नोकरीला होतं, त्यांनी आणलेला. दीड हजार रुपये मोजले. विकणारा म्हणाला, सेल घाला, चालतंय. सेलच्या खणात पांढरी भुकटी होती आणि झाकणाच्या जागी चिकटपट्टी. नवे सेल घातल्यावर चालू झाला. हेलिकॉप्टर दिसतं, शार्क दिसतात, पण मधल्या जागची होडी दिसतच नाही. उजवीकडचे दोन पॅराशूटवाले आणि गुणांतल्या एका आकड्याची एक दांडीही गायब आहे. सगळं पुसून पहिल्यापासून चालू करायचं एसीएलचं बटण दाबलं तरी तेवढ्या जागा कोऱ्याच राहतात. आवाज अगदी क्षीण. डावं बटण कधी लागतं, कधी नाही. काचेच्या कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. इथल्या एका मोबाईलवाल्याला दाखवला तर म्हणाला, पडदा गेलाय, फेकून द्या. घरी उघडू का? आणि उघडलाच तर पॉलिश करून नव्यासारखा करावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : फेकू बिकू नका. पडदा गेलेला नाही. पडदा जातो तेव्हा काचेच्या आत शाई सांडल्यागत काळा डाग दिसतो आणि तो हळूहळू पसरत जातो. काचेला तडा जाऊन आतलं द्रव बाहेर आलं की तसं होतं, आणि त्याला खरंच औषध नाही. तुमच्याकडं तसं काही नाही. घड्याळ पुढं सरकतंय, हेलिकॉप्टर उडतंय, म्हणजे चिप जिवंत आहे. दिसत नाहीत त्या आकृत्याही ठरलेल्या आहेत. आज होडी गेली, उद्या शार्क गेला असं नाही. एवढ्यावरून पत्र वाचतानाच सांगतो, दोष पडदा आणि सर्किट यांच्या मधल्या रबरी पट्टीत आहे. तुमच्या मोबाईलवाल्याचा दोष नाही. मोबाईलचा पडदा बदलायचा असतो, आणि त्याच्या आयुष्यात त्यानं पडदा बदलण्यापलीकडं दुसरं काही केलेलंच नसतं.

हा खेळ मोबाईलचा भाऊबंद नाहीच, तो कॅल्क्युलेटरचा आहे. निन्टेंडोचे गुनपेई योकोई बुलेट ट्रेननं चालले होते. शेजारी एक नोकरदार माणूस वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला. त्यावरून त्यांना हातात मावेल अशा खेळाची कल्पना सुचली, असं सांगतात. त्या काळात कॅल्क्युलेटर कंपन्यांची एकमेकींशी अशी चढाओढ लागली होती की पडदे आणि चिपा स्वस्त झाल्या होत्या. शार्प कंपनीकडून चिप आणि पडदा घेऊन निन्टेंडोनं २८ एप्रिल १९८० ला पहिला ‘बॉल’ बाजारात आणला. तुमचा ‘पॅराशूट’ १९८१ चा. योकोईंचा हट्टच होता की नवं, महागडं तंत्र नको. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्या आणि त्याचा वेगळा वापर करा. त्याचा फायदा आज आपल्याला होतोय. आत जे आहे ते सगळं घड्याळातलं आणि कॅल्क्युलेटरमधलं आहे. ज्याच्याकडं चिमटा, आयग्लास (घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग) आणि थोडा धीर आहे त्याला ते परकं नाही.

पट्टीकडं जायच्या आधी सेल बघू. तुम्ही कुठले घातले ते लिहिलेलं नाही, पण मला दाट संशय आहे की एलआर ४४. निपाणीतच काय, बेळगावच्या गणपत गल्लीतसुद्धा बटण-सेल मागितला की हातात ४४ च पडतो. तुमच्या मॉडेलला लागतो एलआर ४३. दोन्हींचा घेर सारखाच, ११.६ मिलिमीटर. दोन्ही दीड व्होल्टचे. फरक आहे जाडीत. ४३ ची जाडी ४.२ मिलिमीटर, ४४ ची ५.४. म्हणजे दोन सेल दाबून बसवले तर खणातल्या पट्ट्यांवर नसता दाब येतो, त्या वाकतात, आणि पुन्हा बरोबर सेल घातला की तो ढिला बसतो. आधीच्या मालकाचं झाकण हरवलं ते बहुधा याच पायी. जाड सेलावर झाकण बसेना, म्हणून चिकटपट्टी आली. ४३ लाच काही पाकिटांवर एजी १२ लिहितात, ४४ ला एजी १३. जमलं तर एसआर ४३ घ्या. तो सिल्व्हर ऑक्साईडचा असतो, थोडा महाग पडतो, पण त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत एकसारखा राहतो. साध्या अल्कलाईनचा हळूहळू उतरत जातो आणि पडदा फिका पडू लागतो. मग माणसाला वाटतं, पडदाच गेला.

खणातल्या पट्ट्या खात्रीच्या नाहीत म्हणून एक सोपी परीक्षा करा. दोन पेन्सिल सेल एका होल्डरमध्ये ओळीनं लावा, मल्टिमीटरवर तीन व्होल्टच्या आसपास येतात का बघा, आणि होल्डरच्या दोन वायरी खणातल्या पट्ट्यांवर नीट टेकवा. अधिक-उणे चुकवू नका. बटण-सेलाची रुंद, सपाट, अक्षरं कोरलेली बाजू ती अधिक. पेन्सिल सेल मोठा म्हणून खेळ जळेल अशी भीती बाळगू नका. व्होल्टेज तोच आहे आणि खेळ त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. मोबाईलचा चार्जर मात्र चुकूनही लावू नका, तो पाच व्होल्टचा. पेन्सिल सेलावर आवाज खणखणीत आला आणि खणातल्या सेलावर क्षीण राहिला, तर आवाजाचा दोष खणातच सापडला म्हणून समजा.

पांढरी भुकटी म्हणजे सेलातून पाझरलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साईड हवा लागून वाळलेलं. हा क्षार आहे, आम्ल नव्हे. म्हणून खाण्याच्या सोड्यानं ते जात नाही. सोडा लावायचा तो गाडीच्या बॅटरीला, तिथं आम्ल असतं. इथं उलट, पांढरं व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस हवा. इअर बडचं टोक जरासं ओलं करा, निथळू देऊ नका, आणि पट्टीवर टेकवा. बारीक फेस येईल. फेस थांबला की दुसरा बड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पुसा, मग तिसरा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून. लिंबू वापरलं असेल तर पाण्यानं दोनदा पुसा, त्यातली साखर मागं राहते आणि चिकट होते. अल्कोहोल कुठं मिळेल म्हणाल तर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन नुसतं ‘अण्णा, आयपीए’ म्हणा. कानडी येवो न येवो, बाटली पुढं येते. ही भुकटी बोटाला लागली तर हात धुवा, तो हात डोळ्याला लावू नका.

भुकटी गेल्यावर खाली हिरवट-निळं दिसलं तर तो तांब्याचा गंज. तो काचेच्या तंतूंच्या पेननं किंवा अगदी मऊ खोडरबरानं हलकेच काढा. पॉलिश पेपर नको. पट्टीवरचा मुलामा गेला की ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजते. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हा क्षार वायरीच्या आतून चढत जातो, विशेषतः उण्याच्या बाजूनं. बाहेरून वायर ठीक दिसते, आत तांबं काळं पडलेलं असतं. सेलच्या पट्टीपासून सर्किटपर्यंत मल्टिमीटर बीप देतो का बघा. देत नसेल तर ती वायर बदला, नुसतं टोक कापून पुन्हा सोल्डर करू नका. काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही.

आता उघडायचं. होय, घरी उघडा. बारीक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लागेल, घड्याळजीकडं असतो तसला, टोक न झिजलेला. स्क्रू जपानी आहेत, चाळीसहून जास्त वर्षं हललेले नाहीत. वरून जोर द्या आणि मग फिरवा. पांढऱ्या कापडावर काम करा, आणि कुठला स्क्रू कुठून निघाला ते कागदावर चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. मोबाईलनं फोटो काढले तरी चालतील, पण कागदात टोचलेला स्क्रू हरवत नाही. मागचं झाकण सावकाश उचला. आवाजाची पितळी चकती आणि तिच्या केसाएवढ्या बारीक वायरी आत असतात. झटका दिला की वायर तुटली म्हणून समजा.

ती चकती आत्ताच बघून घ्या. पितळेवर पांढरट सिरॅमिकचा थर असतो. तिच्यावर व्होल्टेजचे झटके आले की ती वाकते आणि वाजते. बुडाशी नीट चिकटलेली असली तरच आवाज उठतो. गोंद वाळून एक कड सुटली असेल तर चिंधीत बोलल्यासारखा आवाज येतो. खेळ चालू असताना चकतीच्या कडेवर हलकं बोट टेका. आवाज मोठा झाला तर रोग सापडला. कडेला अगदी थोडा गोंद लावा. चकती उपसून काढू नका, सिरॅमिक चटकन तडकतं.

चंदेरी रंगाची लहान नळी दिसेल, ती क्वार्ट्‌झ क्रिस्टल. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा लहरीनं घेतलेला नाही. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका येतो. तोच घड्याळातही असतो, म्हणून गेला तरी कुठल्याही घड्याळजीकडं मिळतो. तुमचा चालू आहे, त्याला हात लावू नका. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो : पडद्यावर आकृत्या आहेत पण सगळ्या गोठलेल्या, काहीच हलत नाही, असं दिसलं तर आधी सेल काढा, मग विचार करा. अशा पडद्याला सतत उलटसुलट होणारा करंट लागतो. ठोका बंद पडून एकाच दिशेचा करंट मिळत राहिला तर आतलं द्रव नासतं.

आता मुख्य रोगाकडं. पडदा ज्या चौकटीत धरलेला असतो तिचे स्क्रू सोडवून पडदा वर घेतला की खाली एक राखाडी रबरी पट्टी दिसते. आयग्लासमधून बघा. काळ्या आणि फिक्या अशा बारीक बारीक रेषा एकाआड एक आहेत. काळ्या रेषेत कार्बन आहे, तिच्यातून करंट जातो. फिकी रेष नुसतं सिलिकॉन, ती करंट अडवते. पट्टी सर्किटच्या सोनेरी दातांवर टेकते आणि वरून काच तिच्यावर टेकते. सोल्डर नाही, गोंद नाही, नुसत्या दाबावर सगळा कारभार. काचेवरच्या तारा दिसत नाहीत, त्या पारदर्शक थराच्या असतात. प्रत्येक आकृतीला स्वतंत्र तार दिली तर दात पुरणार नाहीत, म्हणून एका तारेवर दोन-चार आकृत्या वाटून दिलेल्या असतात आणि चिप त्यांना पाळीपाळीनं करंट पुरवते. म्हणूनच तुमची होडी, दोन पॅराशूटवाले आणि आकड्याची दांडी एकदम गेली. बघायला त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तार एकच. त्या एका दातावर धुळीचा कण किंवा भुकटीची वाफ बसली आहे, एवढंच.

पट्टी चिमट्यानं हलकेच उचला, आधी ती कुठल्या बाजूनं होती ते पेननं कागदावर खूण करून ठेवा. ओढू नका, ताणली की रेषा वाकड्या होतात. स्वच्छ, धागा न सोडणाऱ्या कापडावर आयपीएचा थेंब घेऊन दोन्ही कडा एकाच दिशेनं पुसा. सोनेरी दात तसेच पुसा. काचेची कड पुसताना मात्र बघून पुसा. पडद्याच्या आसपास रंगीत चित्र छापलेलं असतं, मशीन फक्त काळ्या आकृत्या दाखवतं, समुद्राचा आणि झाडाचा रंग त्या छपाईचा. त्या रंगाला अल्कोहोल लागलं तर समुद्र तुमच्या कापडावर येईल. पुसल्यावर बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुन्हा त्याच दातावर बसतं.

सगळं वाळल्यावर पट्टी जागेवर, काच जागेवर, चौकट वर. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर काच तिरकी होते आणि दुसरीकडच्या आकृत्या जातात. फार आवळलं तर काच तडकते, मग तुमच्या मोबाईलवाल्याचं भविष्य खरं ठरेल. मागचं झाकण लावायच्या आधी पेन्सिल सेल लावून एसीएल दाबा. बऱ्याच मॉडेलांत ते दाबलं की सगळ्या आकृत्या एकदम उमटतात. त्यात मधली होडी दिसली की काम झालं. नाही दिसली तर चौकट उघडा, पट्टी केसभर सरकवून पुन्हा बसवा. कुणी तुम्हाला हेअर ड्रायरनं पट्टी गरम करा म्हणेल, त्याचं ऐकू नका. गरम करायचा उपाय दुसऱ्या जातीच्या जोडणीचा आहे, खाली गेम बॉयच्या उत्तरात येईल. इथं तो लावणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

डावं बटण. त्याच्याखाली रबराचा उंचवटा असतो आणि त्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली. ती सर्किटवरच्या जाळीला टेकली की बटण लागतं. रबर कोमट साबणपाण्यात धुवा. टिकली आणि जाळी आयपीएनं एकेकदा पुसा. घासू नका, कार्बनचा थर पातळ असतो. झिजलाच असेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं टिकलीवर फिरवतात, थोडे दिवस चालतं. नव्या टिकल्या पाकिटात मिळतात, टीव्हीच्या रिमोटसाठी म्हणून विकतात त्याच.

तपकिरी डाग. काचेच्या पुढं आणि मागं एकेक पोलरायझरचा, म्हणजे ठरावीक दिशेचाच उजेड जाऊ देणारा, कागद चिकटवलेला असतो. उन्हानं आणि दमटपणानं पुढचा कागद तपकिरी होतो, कधी बुडबुडे येतात. खात्री करायची तर पोलरॉईड गॉगल डोळ्याला लावून पडद्याकडं बघा आणि पडदा गोल फिरवा; डाग असलेल्या जागी अंधार-उजेड इतर जागेपेक्षा वेगळा दिसेल. हा कागद बदलता येतो. जुना ब्लेडनं उचलायचा, गोंद काढायचा, नवा कापून लावायचा, आणि लावताना कोन बघायचा. तुकडा पडद्यावर धरून फिरवा. एका कोनात आकृत्या काळ्या दिसतात, नव्वद अंशांत जमीन काळी आणि आकृत्या पांढऱ्या. हे सगळं खरं, पण तुम्ही करू नका. डाग कोपऱ्यात आहे, खेळाला आड येत नाही. कागद उचलताना दहातल्या किती काचा फुटतात ते सांगत बसत नाही, पण फुटतात. गेला तर पडदा मिळवायला दुसरा अख्खा खेळ विकत घ्यावा लागतो.

पॉलिशच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. पुढची धातूची पट्टी, तिच्यावरची अक्षरं, कडेचा झिजलेला रंग जसा आहे तसा राहू दे. पितळ चकाकवायची पेस्ट लावली तर अक्षरं आधी जातात. ओल्या कापडानं पुसा, बास. नव्यासारखा हवा असेल तर निन्टेंडोनं २०२० मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा नवा गेम अँड वॉच काढला होता, कुठं मिळाला तर तो घ्या. त्याला रंगीत पडदा आहे, चार्जही करता येतो. मला तो आवडला नाही, पण मी म्हातारा.

झाकण मात्र हवं, चिकटपट्टीचा गोंद पाघळून सेलपर्यंत येतो. बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजं काय कमी आहेत? थ्रीडी प्रिंटर असलेला एखादा पोरगा गाठा, कुणाकडून तरी मूळ झाकणाची मापं घ्या, तासाभराचं काम. आणि खणातली पट्टी तुटकी निघाली तर उद्यमबागेत एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये फॉस्फर ब्राँझच्या पत्र्याचा कपटा मागा. फुकट देतील, वर चहाही पाजतील. साधं पितळ घेऊ नका, त्याला स्प्रिंग राहत नाही.

प्रश्न : काका, मी खानापूरला शिक्षिका आहे. माळ्यावर माझा लहानपणीचा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम सापडला. त्यात दोन पेन्सिल सेल लागतात. चालू होतो, पण विटांच्या मधल्या काही आडव्या ओळी दिसत नाहीत. मुलांना दाखवायचाय. आमच्याकडं पाऊस फार, तांदळाच्या डब्यात ठेवून बघितला, फरक नाही.

उत्तर : ताई, तांदूळ भातासाठी ठेवा. सुकं तांदूळ यंत्रातला दमटपणा ओढत नाहीत म्हटलं तरी चालेल, वर त्यांची पिठूळ धूळ आत जाते. सिलिका जेलच्या पुड्या चांगल्या, नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्या.

तुमच्या खेळाचा पडदा दहा बाय वीसच्या जाळीचा. मूळ ‘टेट्रिस’ मॉस्कोत अलेक्सेई पाझितनोव यांनी १९८४ मध्ये केला, आणि पुढं त्याच्या असल्या स्वस्त चिनी नकलांनी जत्रा-बाजार भरून गेले. ९९९९ खेळ त्यात कधीच नव्हते. मूठभर खेळ आणि त्यांच्याच वेगवेगळ्या पायऱ्या आणि वेग मोजून तो आकडा केलेला. मुलांना गणिताच्या तासाला हे सांगा, त्यांना आवडेल.

ओळी जाण्याचं कारण वर निपाणीच्या वाचकांना लिहिलंय तेच, फक्त उघडल्यावर आधी बघा की पडदा आणि सर्किट रबरी पट्टीनं जोडलेत की चिकटवलेल्या पातळ कागदी रिबिननं. रबर असेल तर पुसा, रिबिन असेल तर त्या जोडणीबद्दल खाली गेम बॉयच्या उत्तरात वाचा. काळ्या डांबरासारख्या गोळ्याला हात लावू नका, चिप त्याच्या पोटात आहे. तो तडकला असेल तर दुरुस्ती नाही. असे खेळ आजही नवे मिळतात, किमतीला महाग नाहीत. पण तुमच्या लहानपणीचा तो हाच, तेव्हा आधी पट्टी पुसा.

प्रश्न : काका, चिकोडीहून लिहितेय. थोरल्या भावाचा पहिल्या पिढीचा गेम बॉय (निन्टेंडोचाच, कॅसेट घालून हातात धरून खेळायचा) मला मिळाला. कॅसेट चालते, आवाज येतो, पण पडद्यावर उभ्या रेषा कोऱ्या आहेत. दर महिन्याला एखादी वाढते.

उत्तर : हा रोग इतका ओळखीचा आहे की पत्राची पुढची ओळ मीच लिहिली असती. १९८९ चा गेम बॉय, त्याचा पडदा आडवा १६० ठिपक्यांचा. उभ्या रांगांच्या तारा पडद्याच्या खालच्या कडेला एका रिबिननं जोडलेल्या आहेत, रबरी पट्टी नाही. रिबिन उष्णतेनं चिकटवलेली असते, काळानं तिचा चिकटपणा सुटतो आणि एकेक रांग जाते.

मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे आहेत. मोबाईलवाल्याचा वाय आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर फार बारीक पडतो, मोठा मागवा. पुढचा भाग उघडून पडद्याखालची फोमची पट्टी बाजूला घ्या, रिबिनची कड दिसेल. सोल्डरिंगचं आयर्न तापमान कमी ठेवता येईल असं हवं, टोक स्वच्छ, सोल्डर न लागलेलं. खेळ चालू ठेवा म्हणजे दिसत राहील. रिबिनच्या कडेवरून टोक सावकाश पुढं सरकवत न्या. एका जागी थांबायचं नाही, दाबायचं नाही, काचेवर जायचं नाही. रेषा तुमच्या डोळ्यांदेखत एकेक भरून येतात. कधी एखादी आधी जाते आणि दुसऱ्या फेरीला परत येते, घाबरू नका. आडव्या रेषा गेल्या असत्या तर मी हे सांगितलं नसतं, ती जोडणी बाजूला आहे आणि तिथं हे जमत नाही. पहिल्यांदा आयर्न हातात धरत असाल तर भावालाच बोलवा. गेम बॉय त्याचा, भाजलं तर बोट त्याचं.

प्रश्न : असे खेळ कपाटात ठेवताना सेल आत ठेवावेत का? घरी दोन वर्षांची नात आहे.
— एक आजोबा, संकेश्वर

उत्तर : आजोबा, खेळायचं झालं की सेल काढा. घड्याळ बघायला भिंतीवर आहे. सेल कागदात वेगळे गुंडाळा, नाणी-चाव्यांच्या डब्यात टाकू नका. दोन कडा धातूला टेकल्या की ते तापतात. खेळ कपड्यात बांधून कोरड्या जागी ठेवा, सिलिका जेलची पुडी शेजारी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आषाढातली ओल आतच कोंडते. उन्हात उभ्या गाडीत विसरला आणि पडदा काळा पडला तर घाबरू नका, सावलीत ठेवा. थंड झाला की बहुतेक वेळा पडदा परत येतो.

नातीबद्दल. बटण-सेल तिला हाती लागेल असा कुठंही नको, वापरलेलासुद्धा. संपलेल्या सेलातही अन्ननलिका भाजण्याइतका जोर राहतो, आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. गिळला असं नुसतं वाटलं, एक सेल सापडत नाही एवढंच झालं, तरी वाट बघायची नाही. उलटी करवू नका. थेट एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि त्याच जातीचा दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट बरोबर घ्या, डॉक्टरांना नंबर लागतो. जुने सेल मी बाकावर झाकणाच्या बाटलीत टाकतो आणि बाटली वरच्या फळीवर असते. तुम्हीही तशी एक करा.